गाऱ्हाण्यात मागितलेला भाऊ

सिंधुदुर्गातल्या एका वाडीतून हे पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत, काही बदलले आहेत. लिहिणाऱ्या ताई ३४ वर्षांच्या. नवरा आंबा-काजूची बाग बघतो, त्या तालुक्याच्या गावी पतपेढीत नोकरी करतात. एक मुलगी, आठ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी त्यांना पुन्हा दिवस गेले होते, पण चौथ्या महिन्यात गर्भपात झाला आणि त्यांच्या जिवावर बेतलं. त्यानंतर दोघांनी एकीवरच थांबायचं ठरवलं. हे नवरा, ताईंची आई आणि डॉक्टर सोडून कोणालाही ठाऊक नाही. सासूबाईंना “अंगावरून जास्त जातंय म्हणून ॲडमिट केलं” एवढंच सांगितलं होतं.

दर चतुर्थीला मुंबईहून चुलत घरं येतात आणि विचारणा सुरू होते. “दुसरा कधी गो?” “एका चेडवारच (मुलीवरच) थांबलंस?” “उद्या गणपती कोण हाडतलो (आणणार)?” गेल्या चतुर्थीला आरतीनंतर गाऱ्हाणं, म्हणजे देवाकडे सगळ्यांसमोर मोठ्यानं मागणं, चालू होतं. चुलत काकींनी मुलीला पुढे ढकललं आणि म्हणाल्या, “माग गो देवाकडे, माका भाव दी म्हणान.” मुलीनं हात जोडून तसं मोठ्यानं मागितलं. खळ्यापर्यंत माणसं उभी होती. सगळी एका सुरात म्हणाली, “व्हय म्हाराजा!” ताई मोदकांचं ताट घेऊन उभ्या होत्या. ताट ठेवून त्या मागीलदारी निघून गेल्या.

त्यांचं मागणं असं: “मला एक उत्तर सांगा, की पुन्हा कोणी विचारायला धजणार नाही. पण उद्धटपणा दिसता नये, कारण काकी मोठ्या आहेत. आमचे हे स्वभावानं शांत आहेत, ते कोणाला काही बोलत नाहीत.”

ताई,

चार पानी पत्रात काकींना दीड पान मिळालं आहे आणि चौथ्या महिन्यात गेलेल्या बाळाला दीड ओळ. मी त्या दीड ओळीपासून सुरुवात करते. तुमचं बाकीचं सगळं तिथेच येऊन अडतं, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं.

असं बाळ गेलं की आपल्याकडे कोणी भेटायला येत नाही. शेजारची कोणी पेजेचं भांडं घेऊन दारात उभी राहत नाही. तुमच्या बाबतीत तर कोणाला कळलंच नव्हतं, मग येणार कोण? तुम्ही लिहिता, पंधरा दिवसांत पतपेढीत हजर झाले. आणि पुढे कंसात एक वाक्य आहे: (बहुतेक मी एसटीनं जा-ये करत होते म्हणून झालं असेल.) ते कंसातलं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तीन वर्षं तुम्ही ते असंच कंसात घेऊन फिरताय. दिवस गेल्याचं कळल्यानंतरही दर शंभरातल्या साधारण दहा ते वीस जणींचं बाळ टिकत नाही. बहुतेकींचं पहिल्या तीन महिन्यांतच जातं. तुमचं त्याहून उशिरा गेलं, त्यामागे वेगळी कारणं असू शकतात, आणि ती तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण एसटीचा रोजचा प्रवास, घरातली नेहमीची कामं यांनी धडधाकट गर्भ पडत नाही. जाऊन विचारा. निर्णय बदलायचा म्हणून जाऊ नका, तो कंस मोडायचा म्हणून जा.

हे आधी का सांगितलं? काकींचा प्रश्न दर वर्षी याच जागेवर येऊन लागतो. त्या विचारतात दुसऱ्याबद्दल, आणि तुम्हाला ऐकू येतं की आलेलं तू घालवलंस. काकींना बिचाऱ्यांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांचं वागणं त्यामुळे बरोबर ठरत नाही, मुलीला पुढे ढकलणं तर मुळीच नाही. पण तुमच्या मनातला दोष तसाच राहिला, तर मी दिलेलं कोणतंही उत्तर तुमच्या तोंडून कापऱ्या आवाजातच निघेल.

आता उत्तराचं. ज्यानं सगळ्यांची तोंडं कायमची बंद होतील असं वाक्य तुम्हाला हवंय. मला तसं एकही माहीत नाही. झणझणीत उत्तरं बऱ्याच जणी मला लिहून कळवतात, आणि ऐकायला ती छानही असतात. पण आपल्या गावांत झणझणीत उत्तर त्या दिवशी संपत नाही. ते चुलीपाशी सांगितलं जातं, एसटी स्टँडवर सांगितलं जातं, पुढच्या शिमग्याला पालखीबरोबर घरोघर फिरतं. विचारणारीनं काय विचारलं होतं ते सगळे विसरतात, तुम्ही काय बोललात ते दहा वर्षं राहतं. शिवाय त्या उत्तरातून तुम्ही नकळत कबूल करता की त्यांचा प्रश्न विचारण्यासारखा होता आणि तुमच्याकडे त्याचं कारण असायला हवं होतं. मला सगळ्यात जास्त हेच खटकतं. प्रश्न विचारला म्हणून कारण देणं लागत नाही. देवाला देणं लागत असाल, नवऱ्याला लागत असाल. मुंबईहून पाच दिवसांसाठी आलेल्या माणसाला नाही.

आणि विचारणारे सगळे एका मापाचे नसतात, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. वीसेक वर्षांपूर्वी एका हळदीकुंकवाला मी माझ्या जवळच्या मैत्रिणीला म्हटलं होतं, “आता दुसऱ्याचं मनावर घे.” ती हसली, वाण घेतलं आणि गेली. ती तीन आठवड्यांपूर्वीच दवाखान्यातून घरी आली होती, हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं. माफी मागायला मी आणखी काही वर्षं घेतली. मागितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “तुझ्या हातात तेव्हा अत्तरदाणी होती.” इतकं लख्ख तिला आठवत होतं. मी दुष्टपणानं विचारलं नव्हतं. पण तिला लागलं ते लागलंच.

आपल्या किनाऱ्यावर या प्रश्नामागे आणखी एक गोष्ट असते, आणि ती समजून घेतलीत तर काकी तुम्हाला थोड्या वेगळ्या दिसतील. वर्षातून दोनदा गावी येणाऱ्या माणसाला तुमच्या रोजच्या आयुष्यातलं काही ठाऊक नसतं. पतपेढीत तुमचं काम काय, यंदा मोहोर कसा होता, मुलगी कितवीत आहे, यातलं काही माहीत नसलं की बोलायला लग्न, मूल आणि घराची कौलं एवढेच विषय उरतात. त्यात पुन्हा गावी आल्यावर त्यांना दिसतात ती कुलपं. तुमच्याच वाडीत बघा. चतुर्थीला उघडणारी आणि अनंत चतुर्दशीनंतर पुन्हा बंद होणारी घरं किती आहेत? २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं मोजली होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ भरली. सिंधुदुर्गात ८,६८,८२५ होती, ती ८,४९,६५१ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना आपले दोन्ही जिल्हे आकसत होते. ज्या बाईनं लग्न होऊन आली तेव्हा पडवीत वीस माणसांची पंगत पाहिली, तिला आता गणपतीसमोर दिवा लावायला घरात दोन म्हातारी माणसं दिसतात. ती घाबरते. आणि त्या भीतीला तिच्याकडे एकच वाक्य असतं: “दुसरा कधी?”

ही भीती खरी आहे. पण त्यावर तुमच्या दुसऱ्या मुलाचा उतारा चालणार नाही. कुलपं लागली ती मुलं कमी झाली म्हणून नव्हेत. ज्या घरांत आठ-आठ भावंडं होती त्या घरांनाही लागली आहेत. एक गिरणीत गेला, एक गोदीत, एक बँकेत, आणि त्यांची मुलं डोंबिवली-विरारला वाढली. रत्नागिरीत २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. हा आकडा मुलींचं कौतुक म्हणून काही जण सांगतात, पण त्याचा मोठा अर्थ कर्ते पुरुष बाहेर गेलेत असा आहे. तुमचा दुसरा मुलगा अठराव्या वर्षी इथेच राहिला असता, असं काकी तरी सांगू शकतील का? त्यांचे स्वतःचे मुलगे कुठे आहेत?

हे त्यांना विचारू नका. तुमच्या मनाशी असू द्या. गणपती, पालखी, घर या सगळ्याचा भार तुमच्या पोटावर आहे असं वाटू लागलं की आठवायला.

“पूर्वी बायका आठ-आठ बाळंतपणं काढायच्या” असंही तुमच्या जाऊबाई म्हणाल्याचं लिहिलंय. काढायच्या, आणि त्यात मरायच्याही. दापोलीजवळच्या मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली बाळंतपणातच गेल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा होता. त्याच रघुनाथरावांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, नोकरी गमावली. शंभर वर्षं होऊन गेली. किती मुलं आणि कधी, हे बाईच्या जिवाचा विचार करून ठरवावं, असं सांगणारा माणूस याच मातीतल्या घरातला होता. तुम्ही दोघांनी तीन वर्षांपूर्वी जे ठरवलं ते तुमच्या जिवाचा विचार करून ठरवलं. त्याची लाज कसली?

आणि एकीवर थांबणारं तुमचं घर काही जगावेगळं नाही. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं आली. “एकटं पोर हेकट निघतं” या समजावरही भरपूर अभ्यास झाला आहे. टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट या संशोधिकांनी १९८६ मध्ये असे शंभराहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एकुलत्या एक मुलांत स्वभावाची तशी काही खोट दिसली नाही. तुमची मुलगी हेकट असलीच तर आठ वर्षांची आहे म्हणून असेल.

“गणपती कोण हाडतलो” आणि “बागेक वारस कोण” या दोन वाक्यांना मात्र मी वेगळं काढते, कारण त्यांत माहितीची चूक आहे, आणि माहितीची चूक शांतपणे दुरुस्त करता येते. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून बदल झाला आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात तो आणखी स्पष्ट केला. आपल्याकडचे सातबारे सामाईक, एका गटावर तीस-तीस नावं, त्यातली निम्मी हयात नाहीत. त्यामुळे हे कागदोपत्री कसं लावून घ्यायचं ते तलाठ्याकडे आणि गरज पडली तर वकिलाकडे तुमच्या मिस्टरांनी आताच बघून ठेवलेलं बरं. “बागेला वारस आहे, तिचं नाव अमुक” हे वाक्य घरात एकदा नवऱ्याच्या तोंडून स्पष्ट निघालं, की या विषयातली बरीच हवा जाते.

इथे मी तुमच्या मिस्टरांकडे येते. राग मानू नका.

“ते स्वभावानं शांत आहेत” हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. असतील, आणि चांगलेही असतील. तुमच्या दुखण्यात त्यांनी रात्री काढल्या, हेही तुम्ही लिहिलंय. पण त्या दिवशी “व्हय म्हाराजा” झालं तेव्हा तेही तिथे होते. ते काही बोलले नाहीत, तेव्हा सगळ्यांनी समजायचं ते समजून घेतलं: याला हवंय, हिला नकोय. गप्प राहणं हेही त्या घरात बोलणंच असतं, फक्त त्याचा अर्थ दुसरे लावतात. काकी त्यांच्या घरच्या, त्यांना लहानपणापासून ओळखणाऱ्या. तुम्ही बोललात तर सुनेचं तोंड वर आलं असं होईल, ते बोलले तर घरच्या पोरानं सांगितलं असं होईल. हे अन्यायाचं आहे हे मला कळतं. पण आज घरात जसं आहे तसं धरून चाललं, तर पहिलं बोलणं त्यांचं असायला हवं.

चतुर्थीत, माणसांसमोर नको. त्याआधी, श्रावणात कधीतरी, फोनवर, एकट्या काकींशी. लांबण नको, कारण नको, रागही नको. “काकी, आमका एकच चेडू. ह्यां आमी दोघांनी ठरयलेलां आसा. परत ह्यो विषय काढू नकात, आणि चेडवाकडे तर अजिबात नको.” मग लगेच कधी येताय, गाडीचं तिकीट मिळालं का, असं काहीतरी विचारावं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र हे लिहू नये. तिथे चाळीस जण वाचतात आणि त्यातले दोघं उत्तर द्यायला टपलेले असतात. “आम्ही दोघांनी” हा शब्द गाळू नये, एवढं त्यांना नक्की सांगा. माझ्या मते त्या फोनमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द तोच.

त्यांना हे जमणार नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर आधी तुम्ही दोघं बसा. ते गेलेल्या बाळाबद्दल तुमच्याशी तरी बोलतात का? पत्रात याबद्दल काहीच नाही. कधी कधी शांत माणूस शांत नसतो, त्याला बोलायला जागा मिळालेली नसते. तीन वर्षांत त्यांनाही कोणी विचारलेलं नाही.

फोन झाला तरी प्रश्न लगेच थांबणार नाहीत. दुसरं कोणीतरी विचारेल, काकीही एखाद्या वेळी विसरतील. तेव्हा तुमच्याजवळ एक साधं वाक्य असू दे आणि ते दर वेळी तेच असू दे: “ह्या विषयार मी बोलूचंय नाय, काकी. तुमका चाय हाडू?” आवाज चढवायचा नाही, स्पष्टीकरण द्यायचं नाही, चहा मात्र खरंच आणायचा. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर विचारणाऱ्यालाच कंटाळा येतो. एकटीच असताना हे जड जाईल, म्हणून जी कोणी तुमच्या बाजूची आहे (तुमच्या पत्रातली धाकटी नणंद मला तशी वाटली) तिला आधीच सांगून ठेवा, की विषय निघाला की तू गणपतीवरच्या माटवीचं काहीतरी काढ, तिला बांधायची कवंडळं कमी पडलीत म्हण, मला उठव. असं आधी ठरवलेलं असलं की धीर येतो.

मोठ्यांचा मान राखणं आणि त्यांना आपल्या पोटातलं सांगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही वाकून नमस्कार करता, ताट आधी त्यांचं वाढता, त्यांची झोपायची सोय बघता. मान तिथे राखला गेला.

सासूबाईंना खरं सांगावं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी यावर बराच विचार केला. न सांगण्यात फायदा असा की तुमचं दुःख तुमच्या ताब्यात राहतं. सांगितलं की ते वाडीचं होऊ शकतं, आणि मग “बिचारी” म्हणून जो हात पाठीवरून फिरतो तोही काही वेळा प्रश्नाइतकाच जड असतो. तरीही माझा कल सांगण्याकडे आहे, फक्त त्यांनाच. एक तर त्या घरात त्यांचा शब्द चालतो. काकींना “पुरे आता” म्हणायचा अधिकार तुमच्यापेक्षा, मिस्टरांपेक्षाही त्यांना जास्त आहे. दुसरं असं, की त्यांच्या पिढीतल्या, कितीतरी बाळंतपणं आणि कितीतरी गेलेली बाळं कोणाला न सांगता पोटात ठेवून बसलेल्या बायका मला भेटल्या आहेत. कदाचित तुम्ही सांगाल आणि त्या त्यांचं सांगतील. पण सासूबाईंच्या पोटात गोष्ट राहते का, हे बारा वर्षं त्या घरात राहून तुम्हाला ठाऊक आहे, मला नाही. राहत नसेल तर सांगू नका, आणि न सांगितल्याचा अपराध मनात धरू नका. सांगायचंच तर एखाद्या दुपारी, दोघी तांदूळ निवडत असताना. गणपतीच्या गर्दीत नको.

आता मुलगी. खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती, पण तुम्हीच पत्रात तिच्यापर्यंत शेवटच्या पानावर आलात. “ती लहान आहे, विसरेल” असं लिहिलंय. आठ वर्षांचं मूल विसरत नाही, ताई. तिनं सगळ्या घरासमोर देवाकडे मागितलं, सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं, आई ताट ठेवून निघून गेली, आणि वर्ष होत आलं तरी भाऊ आला नाही. तिच्या जागी बसून बघा. तिला यातून काय काय वाटलं असेल? आपण नीट मागितलं नाही. आई आपल्यावर रागावली. देवानं आपलं ऐकलं नाही. किंवा घरात काहीतरी कमी आहे, आणि ते कमीपण आपणच आहोत.

तिच्याशी बोला, लवकर. मोठं व्याख्यान नको. आधी विचारा, “तुला भाऊ हवासा वाटतो का?” आणि ती काय म्हणेल ते ऐका. कदाचित तिला फक्त मे महिन्यात खेळायला कोणीतरी हवं असेल, आणि चुलत भावंडं जास्त दिवस राहिली तरी तिचं भागेल. कदाचित ती म्हणेल, काकीनं सांगितलं म्हणून मागितलं. मग तिला सांगा: भाऊ मागितलास यात तुझं काही चुकलं नाही. मी त्या दिवशी तुझ्यावर रागावून गेले नव्हते. आपल्या घरात तू एकच असणार आहेस, हे बाबांनी आणि मी ठरवलंय, देवानं नाकारलं म्हणून नव्हे. आणि पुन्हा कोणी विचारलं तर म्हण, “बाबांना विचारा.” हे शेवटचं तिला आवडेल, कारण मग तिला उत्तर शोधावं लागणार नाही. गेलेल्या बाळाबद्दल आज सांगायची गरज नाही. ती बारा-तेराची झाली, तिची पाळी सुरू झाली, शरीराबद्दल बोलणं निघालं की तेव्हा सांगा. तोवर तुम्हालाही ते रडू न येता सांगता येईल.

या पत्राच्या निमित्तानं इतरांसाठीही थोडं लिहिते, कारण माझ्या टेबलावर उलट्या बाजूची पत्रंही आहेत. तीन मुली असलेल्या एका बाईला आरोग्य केंद्राच्या रांगेत “अजून आशा सुटली नाही काय” असं ऐकावं लागलं. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, तरी टोमणा तिलाच. एका ताईंना तिसरं मूल झालं तर गावकरी चिडवतात की गेलं तुमचं सरपंचपद. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त मुलं झालेल्यांना आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, हे खरं. पण तो निवडणुकीचा नियम आहे, कोणाच्याही अंगणात जाऊन बोलायचा परवाना नव्हे. किनाऱ्यावरच्या एका मोहल्ल्यातल्या ताईंनी लिहिलं होतं, मला दोनच मुलं आहेत, तरी एसटीत शेजारची बाई हसून म्हणते, तुमच्यात पुष्कळ असतात ना. ते हसणं आठवून मला आजही वाईट वाटतं. आणि ज्यांना मूल नाही, त्यांना तर कोणी विचारतसुद्धा नाही, ओटी भरताना नुसतं वगळतात. तुमच्या घरी हळदीकुंकू असेल तर त्यांची ओटी पहिली भरा, कोणाला काही न सांगता. या सगळ्यांना मी तेच सांगेन जे वर सांगितलं: एकच छोटं वाक्य, पुन्हा पुन्हा तेच, आणि ज्याच्या घरची माणसं विचारतात त्यानं आधी बोलायचं. फक्त एसटीतल्या अनोळखी बाईला चहा विचारायची गरज नाही. खिडकीतून बाहेर बघावं.

ताई, नागपंचमीच्या सुमाराला मूर्तीसाठी तुमचा पाट गणपतीच्या शाळेत, मूर्ती घडवतात तिथे, जाईल. यंदा तो मुलीच्या हातात द्या. बाबांच्या मागे स्कूटरवर बसून, पाट मांडीवर धरून तीच घेऊन जाऊ दे. मूर्तीला माती लागताना, रंग चढताना तिला अधूनमधून शाळेत न्या, डोळ्यांची आखणी असेल त्या दिवशी तर नक्की. आणि चतुर्थीला गणपती घरी आणताना झांज तिच्या हातात असू दे. मूर्ती उचलायला बाबा आहेतच, पाच-सात वर्षांत तिलाही उचलेल. गाऱ्हाण्याच्या वेळी तिला पुढे व्हायचं असेल तर होऊ दे. काय मागायचं ते तिला आधी विचारून ठेवा, पण तुम्ही सांगू नका.

आणि झालं की मला कळवा, तिनं काय मागितलं ते.